रान राखायचं, पण माणसांसकट: कॉलनीमागच्या टेकरीसाठी इंदुरी मार्गदर्शक

आमच्या कॉलनीमागे 11 एकरांची मुरमाड टेकरी आहे. (टेकडी म्हणायला हवं, पण इंदुरात राहून तोंडात टेकरीच बसलंय.) वर पळस, थोडा धावडा, चार-दोन सालई आणि बाकी सगळी घाणेरी, म्हणजे लँटानाची झुडपं. खाली नाल्याकडे काळी माती, बाभळी आणि एक म्हातारा वड. सकाळी तिथे फिरणारे येतात, दुपारी शेळ्या, संध्याकाळी कॉलेजची पोरं आणि रात्री बाटल्या.

आम्ही दहा-बारा जणांनी हे रान सांभाळायचं ठरवलं आणि पहिल्याच पावसाळ्यात रोपं लावली. फोटो निघाले, पोहे-जिलबी झाली, सगळे घरी. पुढच्या मे महिन्यात निम्मी रोपं वाळलेली, निम्मी शेळ्यांच्या पोटात. शेळ्यांना काय बोलणार? त्या आमच्या कितीतरी आधीपासून तिथे चरत होत्या आणि त्यांच्या मालकाशी आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

14 जुलै 2024 ला आपल्या रेवती रेंजवर 24 तासांत 11 लाखांहून जास्त रोपं लावून जागतिक विक्रम झाला. एका दिवसासाठी माणसं जमवण्यात या शहराचा हात कोणी धरणार नाही. हा लेख दुसऱ्या दिवसापासून पुढचा आहे. रोप जगवायला तीन उन्हाळे लागतात, आणि तीन उन्हाळे टिकेल असं माणसांचं कडबोळं वळायला त्याहून जास्त. म्हणून खालच्या पायऱ्यांत झाडं लावणं फार उशिरा येतं. मुद्दाम तसं ठेवलंय.

पहिली पायरी: जमीन कुणाची, ते कागदावर बघा

"सरकारी आहे हो" हे उत्तर चालत नाही. सरकार म्हणजे कुणाचं टेबल, ते कळायला हवं. आधी खसरा नंबर (आपला गट नंबर) शोधा. मध्यप्रदेशचे जमिनीचे नकाशे आणि खसरे ऑनलाइन बघता येतात, पण एकदा पटवाऱ्याबरोबर (म्हणजे तलाठ्याबरोबर) टेकरीवर उभं राहून हद्द बघाच. कागदावरची हद्द आणि तारेची हद्द यांत बहुतेक वेळा एखादं घर, एखादा गोठा निघतो. कधी आपल्याच कॉलनीतल्या कुणाची पार्किंगची शेडही. आमच्याकडे निघाली, आणि ती सभा फार लांबली.

जमीन वनविभागाची असेल तर वाळकी काडी उचलण्याचा अधिकारही आपला नाही. तिथे रस्ता संयुक्त वन व्यवस्थापनाचा, म्हणजे वनविभाग आणि स्थानिक लोकांनी मिळून रान राखण्याचा. केंद्राने 1990 साली ही वाट मोकळी केली. मध्यप्रदेशात तिच्या वन समित्या असतात, आणि अभयारण्याच्या आसपास इको विकास समित्या. नजूल (शहरातली सरकारी जमीन) किंवा चरनोईची जमीन असेल तर कलेक्टर कचेरीकडे तहसीलमार्फत जावं लागतं. चरनोई म्हणजे मुळात गुरं चरायची जागा. तिथे 'चराई बंद' असा बोर्ड लावताना आपण कुणाच्या हक्कावर उभे आहोत एवढं लक्षात ठेवा. निगमचा (महापालिकेचा) बगीचा किंवा हरितपट्टा असेल तर उद्यान विभाग, विकास प्राधिकरणाची योजना असेल तर प्राधिकरण. खासगी किंवा ट्रस्टची असेल तर मालकाची लेखी संमती. तोंडी संमती मालकाच्या मुलाचं लग्न ठरेपर्यंत टिकते.

उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. अर्जात "माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. खसरा नंबर लिहून "या जमिनीचा आजचा ताबा, आरक्षण आणि मंजूर नकाशा यांची प्रत द्यावी" असं नेमकं मागा. आमचा पहिला अर्ज मोघम होता आणि एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात चार महिने फिरून परत आमच्याच हातात आला.

दुसरी पायरी: एक वर्ष नुसतं बघा

ही पायरी कोणालाच आवडत नाही. उत्साहाच्या भरात बसून राहायला सांगितल्यासारखं वाटतं. पण इंदूरला याचा जुना धडा मिळालेला आहे. पॅट्रिक गेडीज हा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराने बोलावला होता. त्याचा इंदूरवरचा दोन खंडी अहवाल 1918 सालचा. त्याची शिस्त अशी की आधी पायी फिरून पाहणी, माणसांशी बोलणं, आणि मग आराखडा. डॉक्टर नाडी बघतो तसं.

तुमची नाडी अशी बघा. एक शंभरपानी वही घ्या. आठवड्यातून दोनदा, एकदा सुटीच्या आणि एकदा कामाच्या दिवशी, सकाळी 6, दुपारी 2 आणि संध्याकाळी 7 वाजता कुणीतरी जाऊन अर्धा तास बसायचं आणि लिहायचं: किती माणसं, कुठून आली, काय करत होती, काय घेऊन गेली. "काय घेऊन गेली" हा रकाना सगळ्यात मोलाचा. आम्हाला वाटत होतं की लाकूडतोड होते. वहीत दिसलं की खालच्या वस्तीतल्या बायका वाळक्या फांद्याच नेतात, पावसाळ्यात शेळ्यांसाठी चारा जातो, मार्चमध्ये पळसाची फुलं, आणि सीताफळं पिकायच्या आत कॉलनीतलीच मंडळी तोडून नेतात. बोल कुणाला लावायचा, ते वहीने ठरवलं.

शेळीवाल्याशी बोलणं झालं ते आठव्या महिन्यात. मी करार, नियम, समिती असं सगळं समजावून सांगितलं. तो बिडी विझवून म्हणाला, "बाबूजी, बकरी कागज थोड़ी पढ़े है." मग त्याने जे सांगितलं ते आमच्या सगळ्या सभांपेक्षा कामाचं होतं: कुठल्या उतारावर गवत आधी येतं, नाल्यात पाणी कुठपर्यंत टिकतं, घोणस कुठे दिसते, रात्री गाड्या कुठल्या फटीतून आत येतात. शेवटी ठरलं ते असं. टेकरीचे तीन भाग; लागवडीचा भाग झाडं शेळीच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत बंद. बदल्यात जिथे तिथे माजलेली सुबाभळीची कोवळी रोपं आम्ही रविवारी उपटून ढीग लावणार आणि तो ढीग त्याचा. सुबाभूळ आटोक्यात आली, शेळ्यांचं पोट भरलं. पुढे त्याच्याच पुतण्याला आम्ही पहाऱ्यावर ठेवलं, आणि तेव्हापासून आत शिरणाऱ्या दुसऱ्या शेळ्या बंद झाल्या. कुणाच्या शेळ्या आहेत हे त्याला लांबूनच कळतं.

याच वर्षात झाडांचीही मोजणी करा. 10 मीटर बाय 10 मीटरचे पाच-सहा चौकोन दोरीने आखा. चौकोनातल्या प्रत्येक झाडाचं नाव लिहा, जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजा, आणि गुडघ्याएवढी आपोआप उगवलेली रोपं किती आहेत तेही. आपोआप उगवलेल्या पळस-कडुनिंबाची रोपं भरपूर दिसली तर लागवडीची गरजच कमी, नुसतं राखणं पुरतं. चार ठिकाणी दगडावर रंगाची खूण करून तिथून दर तीन महिन्यांनी एकाच दिशेला फोटो काढा. हे फोटो पुढे प्रत्येक अधिकाऱ्यापुढे कामाला येतात.

तिसरी पायरी: संस्था, करार, पैसे

मध्यप्रदेशात 1973 च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली किमान सात जण लागतात. सातही जण एकाच कॉलनीतले, आणि त्यातही सगळे मराठी, असं करू नका. आम्ही आधी तसंच केलं होतं. मंडळाच्या गणपतीची कार्यकारिणी उचलून रानावर बसवली. आता वस्तीतल्या दोन बायका, शेळीवाला, समोरच्या सोसायटीतले एक गुजराती काका आणि एक कॉलेजची मुलगी आहे. सभा हिंदीत होते, मिनिट्स हिंदीत, भांडणं मालवीत, आणि सभा संपल्यावर चहाला मराठी. दर वर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशेब रजिस्ट्रारकडे जायलाच हवेत. हे एकदा चुकलं की पुढे बँकेपासून देणगीपर्यंत सगळं अडतं.

जमीन मागू नका, देखभालीचा करार मागा. मालकी मागितली की प्रत्येक टेबलावर भुवया उंचावतात. करारात हे मुद्दे यायला हवेत: मुदत किती, पाणी आणि वीजबिल कुणाचं, पडलेल्या झाडाचं लाकूड कुणाचं, गेट उघडण्या-बंद करण्याचा अधिकार, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, कुठलीही पक्की बांधणी, मग ती समितीची असो, पार्षदांच्या (नगरसेवकांच्या) निधीची असो की कुणाच्या वडिलांच्या स्मृतीची, दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही. शेवटचा मुद्दा पहिल्या दिवशी लिहून घ्या. रानात पहिलं सिमेंट नेहमी चांगल्या हेतूनेच येतं: चबुतरा, मग शेड, मग शेडला ट्यूबलाइट. आणि शहराच्या हद्दीतलं झाड तोडायचं तर 2001 च्या वृक्ष परिरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हेही सभासदांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

पैशांचं थोडक्यात. सगळ्यात मोठा खर्च चौकीदाराचा पगार, त्याखालोखाल उन्हाळ्यातला टँकर. रोपं फुकट देणारे पुष्कळ भेटतात, पगार देणारा कोणी भेटत नाही. म्हणून घरटी महिना वर्गणी हाच कणा ठेवा, रक्कम लहान पण न चुकणारी. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी 2013 च्या कंपनी कायद्यामुळे पर्यावरणासाठी मिळू शकतो, पण त्यासाठी संस्थेला आयकर खात्याची 12ए, 80जी नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाची नोंद लागते. म्हणजे पहिली तीन वर्षं स्वतःच्या खिशातूनच. केंद्राची नगर वन योजना 2020 साली, पुण्याच्या वारज्यातल्या शहरी वनाचा दाखला समोर ठेवून जाहीर झाली. तिच्यात हेक्टरी 4 लाख रुपयांपर्यंत मदत धरलेली आहे. तिचा प्रस्ताव वनविभाग किंवा निगम करतं. आपलं काम वही आणि फोटो घेऊन त्यांच्या दारात उभं राहण्याचं.

चौथी पायरी: घाणेरी काढणं

टेकरीवर घाणेरी असेल तर खरी अंगमेहनत इथे आहे. नुसती छाटली तर दुप्पट फुटते, जाळली तर चौपट. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिलेली पद्धत सोपी आणि खात्रीची आहे, आणि त्याला एक कुदळ पुरते.

झुडपाच्या बुडाशी बसा. फांद्या बाजूला सारून खोड जिथे मातीत शिरतं तिथली माती बोटांनी उकरा. खोड आणि मूळ यांच्या सांध्याशी गाठीसारखा फुगीर भाग लागतो. नवे फुटवे याच्यातून येतात. या गाठीच्या खाली, मातीत तीन-चार सेंटिमीटरवर, मुख्य मूळ कुदळीच्या एकाच घावात तोडायचं. बरोबर बसला तर घावाचा आवाज कोरडा येतो आणि अख्खं झुडूप सैल होऊन हातात येतं. मग ते उलटं करायचं, मुळं वर, फांद्या खाली, आणि तसंच सोडून द्यायचं. उलटं ठेवल्यामुळे फांद्या जमिनीला टेकून पुन्हा मुळं धरत नाहीत. महिन्याभरात वाळून खडखडीत होतं. वस्तीतल्या बायका सरपणाला नेतात.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. एक, काळी फळं धरायच्या आत काढा, नाहीतर तुम्हीच बी पेरत फिराल. दुसरी, पुढची दोन वर्षं मोठ्या झाडांखाली लक्ष ठेवा. बुलबुल घाणेरीची फळं खाऊन फांदीवर बसतात आणि बी खाली टाकतात. नवी घाणेरी झाडाच्या सावलीत वर्तुळ करून उगवते. ती हाताने उपटता येते तोवरच उपटा.

सगळी एका वर्षात काढायचा हट्ट धरू नका. एका मोसमात अर्धा एकर पुष्कळ झाला. मोकळ्या झालेल्या जागी त्याच पावसाळ्यात पवन्या, मारवेलसारख्या स्थानिक गवतांचं बी टाका. जमीन उघडी राहिली की गाजरगवत आलंच म्हणून समजा. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, पावसात माती ओली असताना उपटायचं. ज्यांना दमा किंवा त्वचेचा त्रास आहे त्यांना त्या दिवशी चहाच्या कामावर ठेवा. आमच्या एका काकूंचे हात पंधरा दिवस लाल होते.

पाचवी पायरी: पाचोळा कचरा नाही

इथे इंदूरकर म्हणून आपली खरी पंचाईत होते. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेत आलेलं शहर. ओला, सुका वेगळा करायची सवय हाडात मुरलेली. या सवयीचा अभिमान आहेच. पण तीच माणसं रानात आली की हातात झाडू घेतात. पहिल्या श्रमदानात आमच्या उत्साही मंडळींनी वडाखालची जागा इतकी लख्ख झाडली की मातीत मुळांच्या शिरा दिसायला लागल्या. शिवाय एकाने ढीग पेटवला.

म्हणून पहिल्याच रविवारी सांगा: प्लास्टिक, काच, रॅपर हे उचलायचं, पान उचलायचं नाही. पाचोळा जमिनीची गोधडी आहे. एप्रिलमध्ये तोच ओल धरतो, त्याखालीच गांडुळं आणि बी जगतं. वाटांवरचा, बसण्याच्या जागेवरचा आणि जाळरेषेतला (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेल्या पट्ट्यातला) पाचोळा तेवढा गोळा करा, आणि त्याचं खत करा.

खताची पद्धत बाहेरून आणायची गरज नाही. अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होता. कृषी महाविद्यालयाच्या आवारातच त्याचं काम झालं, आणि जगभर सेंद्रिय शेतीवाले आजही त्या पद्धतीला 'इंदूर प्रोसेस' म्हणतात. पाचोळ्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख, पुन्हा पाचोळा, असे थर. पाणी इतकं की मूठ दाबली तर ओल लागेल, थेंब गळणार नाही. तीन महिन्यांत तीन वेळा उलथापालथ केली की खत तयार. ढिगात हात घातला आणि चटका बसला तर काम चालू आहे. थंड लागला तर पाणी किंवा शेण कमी पडलंय. शेणाचा सवाल आमच्याकडे सुटलेला होता. गोठेवाल्यांना रानात श्रमदानाला कोणी बोलावलंच नव्हतं, बोलावल्यावर ते रिकाम्या हाताने आले नाहीत.

सहावी पायरी: वाटा आणि पाणी

मालव्याची म्हण सगळ्यांना पाठ आहे: डग डग रोटी, पग पग नीर. आता पग पग बोअर आहेत. टेकरीवर पडणारं पाणी टेकरीतच मुरवायचं तर समतल चर खणा, आणि समतल रेषा ओढायला ए-फ्रेम घरीच बनवा. दोन सात फुटी बांबू वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी, शेंड्याला दोरीने दगड लटकवा. सपाट फरशीवर उभं करून दोरी आडव्या काठीला जिथे स्पर्श करते तिथे खूण करा. मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये जी तिसरी खूण येते, ती तुमची लेव्हल. आता एक पाय रोवून दुसरा फिरवत जा. दोरी मधल्या खुणेवर आली की चुना टाका. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, मोठ्यांपेक्षा नीट करतात.

वाट आखताना सरळ वर चढवू नका. वाटेचा चढ टेकरीच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवा आणि सरासरी दहा पावलांना एक पाऊल. सरळ वाट पहिल्या दोन पावसांत नाला बनते. वाटेला बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ द्या, म्हणजे पाणी वाटेवरून चालत न जाता आडवं ओलांडून जातं. काळ्या मातीत मात्र हे सगळं फुकट. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल चपलेसकट पाय धरून ठेवतो. तिथे खाली दगडांचा थर, वर मुरूम, आजूबाजूपेक्षा वीतभर उंच. पहिले दोनशे मीटर असे पक्के आणि सपाट ठेवा, 1:12 पेक्षा (बारा फुटांत एक फूट) जास्त चढ नको. म्हणजे चाकाच्या खुर्चीवाले आणि गुडघे गेलेले आजोबा दोघंही वडापर्यंत पोचतात. पेव्हर ब्लॉकचा आग्रह होईल. होऊ द्या, मान्य करू नका.

सातवी पायरी: आता रोपं

खड्डे मे महिन्यात, दीड फूट लांब-रुंद-खोल, म्हणजे ऊन खाऊन माती सुधारते. लागवड दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर भिजल्यावर, साधारण जुलैत. मुरमाड वरच्या भागात पळस, धावडा, अंजन, बेल, सीताफळ. खाली कडुनिंब, करंज, चिंच, खिरणी, उंबर. नाल्याकाठी अर्जुन आणि कदंब. मधूनमधून बहावा. एप्रिलमध्ये पिवळे झुंबर लटकले की वर्गणी मागायला वेगळं भाषण लागत नाही. गुलमोहर आणि निलगिरी लावायला लोक आग्रह करतात, रानात नको. गवताळ मोकळी जागा दिसली की ती भरायची घाई करू नका, तितर तिथेच अंडी घालतात. प्रत्येक रोपाचा पालक ठरवा, नाव वहीत, आणि पाणी पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा, पण भरपूर.

आठवी पायरी: गर्दी, धोके, नियम

नियम पाचच ठेवा, गेटवर हिंदीत, मोठ्या अक्षरात: वेळ सकाळी 5.30 ते सूर्यास्त, लाउडस्पीकर नाही, आग नाही, पाळीव कुत्रा साखळीत, आणलेलं परत न्या. "फुले तोडू नयेत"छाप बारा ओळींचा बोर्ड कोणी वाचत नाही. वाढदिवसाचे केक आणि चमकीचे कागद ही नवी साथ आहे. आम्ही वाढदिवसवाल्यांना गेटवरच एक पिशवी देतो आणि जाताना परत घेतो. ओशाळतात, पण भरून देतात.

वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन मीटरपर्यंत झुडपं कंबरेच्या वर वाढू देऊ नका, आणि बाहेर पडायला दोन वाटा ठेवा. वहीत आमच्या लक्षात आलं की सकाळी 7 च्या आधी बायका जवळपास येतच नव्हत्या. झुडपं छाटली, पहिल्या वाटेवर चौकीदाराची फेरी 5.45 ला ठेवली, आणि दोन महिन्यांत महिलांचा एक गट सहाच्या ठोक्याला यायला लागला. रात्रीचे दिवे लावू नका. दिवे लागले की रात्रीची माणसं येतात, घुबडं जातात.

होळीच्या पंधरा दिवस आधी जाळरेषा तयार हवी: कुंपणालगत आणि मुख्य वाटेच्या बाजूने तीन मीटर पट्टा गवत-पाचोळा काढून साफ. होळीच्या आठ दिवस आधीपासून रंगपंचमीपर्यंत रात्रीचा पहारा. लाकडं जातात ती याच दिवसांत, आणि विडी-सिगारेटची आगही. ओली पोती, फावडी, पाण्याचे ड्रम एका जागी. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या की मागे या आणि 101 ला फोन करा.

वडावर आग्या मोहोळ असेल तर त्या वाटेला दोरी बांधून बंद करा, अत्तर लावून येणाऱ्यांना सांगा, धूर तर अजिबात नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नये. तोंड झाकून पळत बंद गाडीत किंवा खोलीत शिरावं. साप चावला तर दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काही करू नका. माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, आणि 108 बोलावून थेट प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. ओझाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जायचा आग्रह करणारा एक तरी माणूस गर्दीत असतोच, त्याला ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायच्या कामाला लावा.

लोक टिकवण्याबद्दल गेडीजकडून आणखी एक उसनं घेतलंय. त्या काळात इंदूर प्लेगने हैराण होतं. त्याने दिवाळीच्या मिरवणुकीत प्लेगचा भलाथोरला उंदीर काढला आणि जाहीर केलं की मिरवणूक जाईल ती सगळ्यात स्वच्छ केलेल्या वस्त्यांतून. गल्ल्या रातोरात झाडल्या गेल्या. आमच्याकडे ज्या गल्लीची महिन्यातली हजेरी सर्वांत जास्त, तिचं नाव पुढचा महिनाभर मुख्य वाटेला. पत्र्याची पाटी, दोन खिळे. यावरून जी चुरस लागते ती बघायला या कधीतरी.

फाइल आणि किल्ल्या

अधिकारी बदलतात, पार्षद बदलतात, समितीतले लोक मुलांकडे पुण्याला किंवा परदेशात जातात. एक फाइल दोन प्रतींत ठेवा: खसरा आणि नकाशा, करार, नोंदणी, वर्षवार हिशेब, चौकोनांची मोजणी, तिमाही फोटो आणि वह्या. नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात एक प्रत घेऊन भेटा आणि रविवारी सकाळी त्यांना टेकरीवर बोलवा. कचेरीत जे तीन पत्रांनी होत नाही ते वडाखाली एका चहात होतं. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदला, अगदी चांगला असला तरी.

गेटच्या किल्ल्या तीन करा. एक चौकीदाराकडे, एक शेळीवाल्याकडे, आणि एक ज्या गल्लीची त्या महिन्याची पाळी असेल तिच्याकडे. चौथी कुणी मागितली, कितीही मोठा माणूस असला, तरी देऊ नका. आम्ही एकदा दिली होती, आणि त्या शनिवारी रात्री वडाखाली डीजे वाजला.